राजाराणीच्या बिल्ल्याची माळ: दुरुस्तीच्या नोंदी

११ मे

आत्याकडून माळ घरी आणली. काळ्या रेशमी गोफात ओवलेले सात चांदीचे रुपये, प्रत्येकाच्या डोक्यावर ओवण्यासाठी जोडलेलं नाकं, आणि मधोमध चांदीच्या कोंदणात बसवलेलं गोल पदक. पदकात दाढीवाला पुरुष आणि गळ्यालगत मोत्यांच्या सरी घातलेली बाई शेजारी शेजारी. कोंदणाच्या कडेला बारीक रवे. हे काम नक्की इथल्याच सोनाराच्या हातचं आहे.

आजची अवस्था: पदकाचं नाकं मुळाशी चिरलंय, दोन रुपयांची नाकी निखळलीत, माळ बंद करायचा फासा गेलाय, गोफ हात लावला की तुटतो. घरात सांगत आले ते असं की राजा मुंबईत आला तेव्हाची ही माळ, प्रत्येक राजभेटीचा एक रुपया, आणि मधलं चित्र हस्तिदंतावर रंगवलेलं. आत्याला ती नोव्हेंबरात नातीच्या लग्नात घालायची आहे. म्हणाली, "लखलखीत करून दे गं."

काहीही सोडवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढले, शेजारी मोजपट्टी ठेवून आणि उजेड एका कडेने तिरका पाडून. समोरून मारलेल्या उजेडात चांदी नुसती चमकते, झीज दिसत नाही. मग रुपयांना डावीकडून उजवीकडे क्रमांक देऊन चिठ्ठ्या बांधल्या. हा क्रम कुणीतरी विचार करून लावलेला आहे, तो हरवला तर परत मिळणार नाही. अशी माळ कुणाकडे असेल तर एवढं आजच करून ठेवा, दुरुस्ती करायची असो वा नसो.

१३ मे

दहापट भिंग आणलं (४५० रुपये). हस्तिदंताचा प्रश्न आधी निकाली काढणं गरजेचं होतं. हस्तिदंताचा व्यवहार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्यामुळे चित्र खरंच हस्तिदंतावर असेल तर ती वस्तू कारागिराकडे नेण्याआधी कागदपत्रांचा विचार करावा लागला असता.

भिंगाखाली चेहरे फुटले ते ठिपक्यांत. गालाची सावली, कोटाची बटणं, बाईचे मोती, सगळं एकसारख्या अंतरावरच्या काळ्या ठिपक्यांचं, वर्तमानपत्रातल्या फोटोला असतात तसल्या. ब्रशाचा फटकारा कुठेच नाही. म्हणजे हा छापील कागद आहे. त्यावर पिवळसर पारदर्शक पापुद्रा. अंगठ्याने हलकं घासून लगेच वास घेतला, कापूर. म्हणजे सेल्युलॉइड, जुन्या काळचं प्लास्टिक.

गरम सुई टोचून सेल्युलॉइड ओळखायची युक्ती काही जण सांगतात. ती करू नका, हे द्रव्य क्षणात पेट घेतं.

१९ मे

रुपये एकेक करून पाहिले. तीन '१८६२' सालचे, त्यांवर व्हिक्टोरिया 'क्वीन'. दोन पुढचे, तीच राणी पण 'एम्प्रेस', कारण नाण्यांवर ही पदवी १८७७ पासून येते. एक एडवर्ड सातव्याचा, उघड्या डोक्याने उजवीकडे पाहणारा. एक पंचम जॉर्जचा, मुकुट घालून डावीकडे पाहणारा, साल १९११.

'प्रत्येक भेटीचा एक रुपया' हे इथेच ढासळलं. व्हिक्टोरिया भारतात कधी आलीच नाही. शिवाय १८६२ हे साल पुढची काही वर्षं तसंच ठेवून नाणी पाडली जात होती, त्यामुळे त्या तीन रुपयांवरून कुठल्याही प्रसंगाची तारीख काढता येत नाही. हे घरात साठवलेले राणीछाप रुपये. कुणीतरी त्यांतले निवडून माळेत घातले.

१९११ चा रुपया मात्र मी बराच वेळ हातात धरून बसले. राजाच्या छातीवरच्या अलंकारसाखळीत हत्ती आहे. या सालच्या साच्यात त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली, आणि १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला गेला. आमच्या रुपयावर तो आखूड सोंडेचा हत्ती स्वच्छ दिसतो.

निखळलेल्यांपैकी एकाचं वजन ११.३१ ग्रॅम भरलं. टाकसाळीतून निघताना रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर जुना एक तोळा, असे. उरलेली चांदी कुठे गेली तेही दिसतं. मागची बाजू, जिथे 'वन रुपी' लिहिलंय, ती साडीवर घासून गुळगुळीत झालीय. चेहऱ्याची बाजू त्यामानाने ठसठशीत. चेहरे बाहेर ठेवून ही माळ बरीच वर्षं गळ्यात वावरलेली आहे.

२ जून

पदक उघडलं. सगळ्यात जास्त धास्ती याची होती.

कोंदणाच्या मागे चार पाकळ्या आत वळवून बिल्ला अडकवलेला. जुनी, ठोकलेली चांदी वाकवली की तडकते. कारागीर एरवी ती तापवून मऊ करतो, पण आत सेल्युलॉइड असताना बत्ती जवळ आणणं अशक्य. बांबूची चपटी पट्टी तासून घेतली आणि एकेक पाकळी केसाएवढी उचलत गेले, मध्ये थांबत. तीन पाकळ्या सरळ झाल्या. चौथीच्या मुळाशी बारीक रेघ दिसली म्हणून तिला हातच लावला नाही. तीन सुटल्यावर बिल्ला तिच्याखालून तिरका सरकवता आला. सगळ्या पाकळ्या उघडायलाच हव्यात असं नसतं.

आत काय निघालं: पत्र्याची तबकडी, तिच्यावर छापील कागद, वर सेल्युलॉइड, आणि मागून कडीने दाबलेली कड. मूळची टाचणी कापून टाकलेली, तिचं खुंट शिल्लक. म्हणजे कुणीतरी कोटाला लावायचा साधा बिल्ला घेतला आणि सोनाराकडून त्याला चांदीचं घर करून घेतलं.

कोंदणाच्या ओठाखाली झाकलेली अक्षरं आता उघडी पडली. बरीच पुसलीत, पण '…ऑफ वेल्स' वाचता येतं, आणि खाली तीन पिसांची खूण आहे. ती प्रिन्स ऑफ वेल्सची.

आता तारीख जुळवता येते. १८७५ च्या नोव्हेंबरात पुढे एडवर्ड सातवा झालेला राजपुत्र मुंबईत आला होता, प्रिन्सेस डॉकचा दगड त्याने बसवला. पण तो पत्नीला घेऊन आला नव्हता, आणि अशा बिल्ल्यांचं पेटंट अमेरिकेत १८९६ साली घेतलं गेलं. १९२१ ला आलेला राजपुत्र अविवाहित. १९११ ला अपोलो बंदरावर उतरले ते राजा आणि राणी, त्यांच्या चित्रावर पिसं नव्हे, मुकुट असायला हवा. बिल्ल्याचं तंत्र आणि जोडप्याचं चित्र दोन्ही बसतात अशी मुंबईची भेट एकच: ९ नोव्हेंबर १९०५, राजपुत्र जॉर्ज आणि राजकन्या मेरी. दोनच दिवसांनी, ११ तारखेला, त्याने ज्या संग्रहालयाची कोनशिला बसवली ते आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय.

आत्याला फोन केला. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आपण समजत होतो त्याच्याही आधीची."

१० जून

स्वच्छतेची चाचणी. अ‍ॅल्युमिनियमची पन्नी, धुण्याचा सोडा आणि गरम पाणी हा उपाय सगळीकडे सांगितला जातो. त्यासाठी माळेतला रुपया वापरला नाही, बाजारातून आणलेला एक झिजका राणीछाप घेतला. काळेपणा दोन मिनिटांत गेला आणि राणीही गेली. केसांच्या लडी, मुकुटाची जाळी, कानाची वळणं डोळ्यांना दिसतात ती खोलगट भागात साचलेल्या काळ्या थरामुळे. तो गेला की पांढरी, मुकी चकती उरते. ही पद्धत माळेसाठी बाद.

बाजारात मिळणारं चांदी बुडवायचं औषधही बाद, कारण नाक्याच्या सांध्यात शिरलेलं आम्ल धुऊन निघत नाही. रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासणं तर मुळीच नको. देवाच्या तबकाला ते चालून जातं, झिजलेल्या चेहऱ्याला नाही.

जमलं ते असं: अगदी बारीक खडूची भुकटी, थोडं शुद्ध पाणी, काडीवर गुंडाळलेला कापूस. फक्त उंच भाग पुसायचा, गाल, नाक, खांदा. खोलात जायचं नाही. कापूस काळा झाला की फेकायचा, कारण त्यातले कण पुन्हा घासतात. शेवटी कोरडा कापूस आणि हातमोजे. एका रुपयाला अख्खी संध्याकाळ लागते. कापूस, खडू, हातमोजे मिळून ३५० रुपये.

आत्याच्या 'लखलखीत'बद्दल बोलायलाच हवं होतं. दोन रुपये घेऊन तिच्याकडे गेले, एक पन्नीतून काढलेला, एक कापसाने पुसलेला. तिने दोन्ही खिडकीशी धरून पाहिले आणि दुसरा माझ्या हातात ठेवला. "हिचं नाक दिसतंय."

२८ जून

वाईट दिवस.

निखळलेली नाकी जोडायला झवेरी बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या एका कारखान्यात दोन्ही रुपये दिले होते. जुनं जोडकाम शिसं-कथलाचं होतं, करड्या गोळ्यासारखं. तो गोळा पूर्ण खरवडून काढा आणि मगच बत्ती लावा, असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. त्यांनी वरवर खरवडलं आणि चांदीच्या झाळणाला, म्हणजे सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूला, लागते तेवढी आच दिली. तापलेलं शिसं चांदी खातं. एका एम्प्रेस रुपयाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा पडला. त्यांच्या लेखी हे नेहमीचंच होतं. "भरून देतो, पॉलिश मारतो, कळणार नाही," म्हणाले. मी तसाच परत घेतला. मजुरी ६०० रुपये गेली. दुसरा रुपया सुदैवाने बत्तीखाली गेला नव्हता.

खड्डा भरून घेणार नाही. भरला तर पुढच्या माणसाला वाटेल की कड मूळचीच आहे, आणि तो पुन्हा तिथेच आच देईल.

१६ जुलै

पावसामुळे मधले दिवस कामाला हात लावला नाही. हवा इतकी दमट की पुसलेल्या रुपयांवर पुन्हा तपकिरी झाक आली.

दुसरे कारागीर मिळाले, वयस्कर, शांत, भिंगाखाली काम करणारे. त्यांनी आधी सगळे सांधे पाहिले आणि जे घट्ट आहेत त्यांना हात लावायला नकार दिला. मला तिथेच बरं वाटलं. दोन्ही रुपयांवरचं शिसं त्यांनी लहान खरवडणीने काढलं, बत्ती न लावता. तरी छिद्रांत थोडं उरतंच, म्हणून चांदीचं झाळण टाळून बिनशिशाचं, कथील आणि चांदीचं, कमी आचेवर वितळणारं झाळण वापरायचं ठरलं. तो सांधा तितका बळकट नसतो, पण नाण्याला खात नाही आणि पुढे कधी सोडवायचा झाला तर सुटतो. जिथे आधी शिसं लागलंय तिथे बळकटीचा हट्ट धरू नये, हे मी आता ठामपणे सांगेन.

पदकाचं चिरलेलं नाकं वेगळं प्रकरण. बिल्ला बाहेर होता, त्यामुळे आच देता आली असती, पण तेवढ्या उष्णतेत कडेचे रवे सुटण्याची भीती. ते लेझर मशीनवर केलं. मशीनवाला दुसऱ्या मजल्यावर बसतो, काम डोळ्यांसमोर करतो. चीर बंद झाली, शेजारचा रवासुद्धा हलला नाही. चौथ्या पाकळीची रेघही त्यानेच बुजवली. कारागिरांचे १,८०० आणि लेझरचे ७०० रुपये.

३ ऑगस्ट

बिल्ल्याच्या मागचा गंज. पाणी नाही, गंज काढायचं औषध नाही, कारण दोन्ही कडेतून कागदापर्यंत पोचतात. लाकडी काडीने सुटे पापुद्रे काढले, मऊ ब्रशने झटकले, आणि फक्त पत्र्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला.

पुढून सेल्युलॉइडला कडेपाशी एक सुरकुती आहे, तिथे पापुद्रा उचललाय. संग्रहालयांत जुन्या वस्तूंसाठी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेला एक अ‍ॅक्रिलिक डिंक वापरतात, काढता येतो म्हणून. जुन्या तुटक्या सेल्युलॉइडच्या फणीवर अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाकून पाहिला. जागा फुगली, चिकट झाली, बोटाचा ठसा उमटला. म्हणजे तो डिंक इथे विष आहे. सुरकुती तशीच ठेवली. बिल्ल्याच्या कडेखाली आम्लरहित कागदाची कडी कापून घातली, ती त्याला कोंदणात हलू देत नाही आणि कोंदणाचा ओठ सुरकुतीवर घासत नाही. डिंक कुठेच नाही.

३० ऑगस्ट

नाण्यांच्या व्यापाऱ्याचं मत घेतलं, विमा आणि वाटणीसाठी अंदाज हवा होता. त्याने सहा रुपयांकडे पाहिलंही नाही. १९११ चा उचलला आणि सुचवलं की नाकं काढून, कड घासून, स्वच्छ करून आणा, मग बोलू. नाकं जोडलेलं नाणं संग्राहकाच्या दृष्टीने बिघडलेलं, हे त्याच्या धंद्यात खरंच आहे. मला ते मान्य नाही. राजाचं चित्र लाखो रुपयांवर छापलं गेलं. हे एक नाणं कुणीतरी खर्च न करता बाजूला ठेवलं, सोनाराला देऊन त्याला नाकं बसवून घेतलं आणि गळ्यात घातलं. या माळेत मोलाचं काही असेल तर ती नाकी, ते रवे, ती कापलेली टाचणी. ते काढून टाकलं तर उरेल तो दुकानात मिळणारा रुपया.

न्यू जर्सीतल्या चुलतभावाने माळ तिकडे पाठवायची गोष्ट काढली होती, त्यालाही नाही म्हणून कळवलं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, त्यात नाणीही आली, १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

आत्याने आज आणखी एक गोष्ट सांगितली. आजी लग्न होऊन आली तेव्हा घरात खादी होती. सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, १९२१ च्या नोव्हेंबरात परळला विदेशी कापडाची होळी पाहिली होती. त्याच दिवशी, १७ तारखेला, राजपुत्र मुंबईत उतरला, आणि पुढचे काही दिवस शहरात दंगल पेटली होती. त्यानंतर माळ पितळी डब्यात गेली. मोडली नाही, वितळवली नाही, आणि घातलीही नाही. सेल्युलॉइड इतकं टिकलं त्याचं कारण बहुधा हेच, त्याला ऊन लागलं नाही. १९११ नंतरचा एकही रुपया माळेत का नाही, याचंही उत्तर मला त्यात दिसतं.

१४ सप्टेंबर

गाठवणं. पहिला रेशमी गोफ पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने गाठवणाऱ्याकडून, ५०० रुपयांत करून घेतला होता. सगळं ओवून माळ रिकाम्या मडक्याच्या गळ्यात अडकवून ठेवली. आठवड्याच्या आत दोन ठिकाणी धागा कातरला. झिजलेल्या नाक्यांच्या आतल्या कडा पात्यासारख्या झाल्यात, आणि पदकासह माळ नव्वद ग्रॅमच्या वर भरते.

नाक्यांच्या कडा घासून गोल करणं हा सोपा मार्ग, पण ती झीज मला ठेवायची होती. पोलादी तारेत ओवावं असंही सुचवलं गेलं. तार तुटत नाही, हाच तिचा दोष. माळ कशात अडकली तर नाकं उपटेल. तुटायचंच असेल तर धागा तुटला पाहिजे. शेवटी प्रत्येक नाक्यात चांदीची एक लहान गोल कडी घातली आणि गोफ त्या कड्यांतून नेला. आता नाकं कडीवर टेकतं, धाग्यावर नाही. प्रत्येक रुपयाच्या दोन्ही बाजूंना गाठ, म्हणजे तुटला तर एकच सुटेल. नवा गोफ, कड्या आणि फासा मिळून ९०० रुपये. फासा साधा आणि नवा दिसणारा घेतला, जुन्याची नक्कल केली नाही.

पदक माळेत कायमचं ओवलेलं नाही, आकडीने अडकवलंय. कारण पुढच्या नोंदीत.

१२ ऑक्टोबर

ठेवण्याची सोय. जुनं सेल्युलॉइड हळूहळू आम्लवायू सोडतं आणि त्याने शेजारचा धातू खराब होतो, हवाबंद डब्यात तर जास्तच. म्हणून रुपये आणि बिल्ला एकत्र ठेवायचे नाहीत. रुपये आम्लरहित कागदात, सिलिका जेलच्या पुडीसह, झाकणाच्या डब्यात. पदक वेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, झाकणाला भोकं पाडून, अंधाऱ्या कपाटात, देव्हाऱ्यापासून आणि गॅसपासून लांब. मखमल, लोकर आणि रबरबँड दोन्हीकडे बाद, त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. डबे, कागद, पुड्या १,१५० रुपये. एकूण खर्च ६,४५०, त्यातले पहिल्या कारखान्याचे आणि पहिल्या गोफाचे ११०० वाया.

लग्नाच्या दिवशी पदक घालायचं की नाही, यावर आत्याशी बोलणं झालं. मांडवात दिवे, घाम, अत्तर, आणि होमाचा अग्नी. सेल्युलॉइड घेऊन होमाशी बसायचं नाही, हे तिने लगेच मान्य केलं. ती सात रुपयांची माळ घालेल. पदक रिसेप्शनला, तासाभरासाठी, साडीच्या पदरावरून, अंगाला न लागता.

राहिलेलं काम: मेण दिलेल्या पत्र्यावर पुन्हा गंज धरतोय का ते दर पावसाळ्यानंतर पाहायचं, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात कापराखेरीज दुसरा तिखट वास येऊ लागला तर बिल्ला कोंदणातून लगेच बाहेर काढायचा. तीन पाकळ्या मुद्दाम हलक्या वळवून ठेवल्यात, बांबूच्या पट्टीने उघडतील एवढ्याच. पट्टी खोक्यातच ठेवली आहे, सोबत या नोंदींची प्रत आणि मे महिन्यातले फोटो.